साहेबांनी किती वाकावं

ते पुस्तक तयार होईपर्यंत माझी लेक ऑफिसात मला ओळखत नव्हती आणि मीही तिला ओळखत नव्हते. घरी मात्र आम्ही एकाच कुकरमधला भात खात होतो.

मी लग्नपत्रिका करते. छापत नाही, छापणारे अफझलगंजात ढिगानं आहेत. मी पत्रिकेला उभी करते. पत्रिका उघडली की मंडप उठतो, चाक फिरवलं की घोडा मान हलवतो, कडेची पट्टी ओढली की नवरानवरी वाकून वडीलधाऱ्यांच्या पाया पडतात. हैदराबादच्या लोकांना सगळं भव्य लागतं. पत्रिकेतून काही उठून अंगावर आलं नाही, तर पाहुणे लग्नाला येणारच नाहीत, अशी त्यांची ठाम समजूत आहे आणि त्या समजुतीवर माझं घर चालतं. हिमायतनगरच्या आमच्या घराचा खालचा हॉल म्हणजे माझा कारखाना. नवरा तारनाक्याला रेल्वेच्या संस्थेत शिकवतो. तो म्हणतो, या घरात कागदाचे महाल चिकार आहेत, फक्त माणसाला टेकायला खुर्ची रिकामी नसते. खुर्ची रिकामी नसते हे खरं आहे, तिच्यावर सुकायला ठेवलेले घोडे असतात.

माझ्या जोडीला खाला आहेत, खाला म्हणजे मावशी. माझ्याहून वयानं मोठ्या, याकूतपुऱ्याहून येतात, मला बाजी म्हणजे ताई म्हणतात, आणि मी हा उद्योग सुरू केला तेव्हापासून माझ्या पत्रिकांचं चिकटकाम त्यांच्याच हातचं. खालांच्या जगात पत्रिकेवर तीनच जातीची माणसं असतात: दूल्हा, बुजुर्ग आणि बाराती. एकदा एका शाळेच्या निमंत्रणावर मुख्याध्यापकांचं चित्र होतं, तर खालांनी विचारलं, "बाजी, ये दूल्हे की उमर जरा जास्ती नै है क्या?"

लेक तिसरीत असताना शाळेत बाईंनी प्रत्येकीला विचारलं होतं, आई काय करते. कुणाची डॉक्टर निघाली, कुणाची बँकेत निघाली. माझी लेक उठून म्हणाली, "कागद कापते." वर्ग हसला. घरी येऊन तिनं दप्तर फेकलं, आणि त्यानंतर कुणीही विचारलं तरी तिचं उत्तर ठरलेलं असायचं, हाउसवाइफ. मी कधी काही बोलले नाही. पोर आहे, विसरेल, असं मी नवऱ्याला म्हणायची. मला वाईट वाटलं होतं आणि ते काही मी विसरले नाही.

मोठी होऊन ती हायटेक सिटीकडच्या एका कंपनीत लागली, आणि लागली ती कुठं, तर संस्कृती विभागात. कंपनीला संस्कृती असते हे मला तोवर माहीत नव्हतं. आमच्या घरी संस्कृती म्हणजे काय काय करायचं नाही त्याची पाठ असलेली माळ. मी विचारलं तेव्हा कळलं की त्यांच्याकडेही साधारण तेच आहे, फक्त ते चांगल्या इंग्रजीत आहे. नवीन माणूस नोकरीवर आला की त्याला ही संस्कृती द्यायची असते. ती कंपनीवाले कॉम्प्युटरवर पाठवायचे आणि कुणी उघडायचंच नाही. म्हणून मोठ्या साहेबांच्या डोक्यात आलं की छापील पुस्तक करावं, आणि तेही असं, की त्यातलं सगळं हललं पाहिजे, फिरलं पाहिजे, उठून उभं राहिलं पाहिजे. मोठे साहेब म्हणजे कंपनीचे सर्वात वरचे. वरंगळकडच्या खेड्यातून आलेले, उंच, हसरे, आणि एकदा डोक्यात आलं की न सोडणारे.

असं पुस्तक करणारं कुणी सापडेना. तेव्हा लेकीनं मीटिंगमध्ये माझ्या चार पत्रिका टेबलावर ठेवल्या. कुणाच्या आहेत ते सांगितलं नाही. मोठ्या साहेबांनी पट्टी ओढून नवरानवरीला वाकवलं, पुन्हा उभं केलं, पुन्हा वाकवलं आणि म्हणाले, यांनाच बोलवा.

त्या संध्याकाळी तिनं स्वयंपाकघरात मला गाठलं. "आई, काम तुला मिळणार बहुतेक. खरेदीवाल्यांना मी सांगितलंय की तू माझी आई आहेस, ते रूलच आहे. रेटचं ते तुझ्याशी डायरेक्ट बोलतील, मी त्यात नाही. पण माझ्या टीमला माहीत नाही. ऑफिसात तू मला ओळखायचं नाही. प्लीज, नो ड्रामा."

"का गं?"

"सगळे म्हणतील, आई म्हणून काम दिलं."

कारण वाजवी होतं. पण ती ते सांगताना फ्रिजवरच्या चुंबकाशी चाळा करत होती, आणि तिसरीतल्या त्या दिवशीही ती तसंच दप्तराच्या बक्कलशी करत होती. मी हो म्हटलं. काम गेलं असतं तरी चाललं असतं, लग्नं काही थांबत नाहीत. मला फक्त एक बघायचं होतं, ही पोरगी चारचौघांत कधी मला आई म्हणते का.

मग आमचं नाटक सुरू झालं. सकाळी नारायणगुड्याला एकाच मेट्रोत चढायचं, शेजारी बसायचं, तिनं माझ्या डब्यातली पोळी खायची, आणि उतरल्यावर ती पुढे, मी मागे. गेटवर मला छातीवर चिकटवायला एक कागद मिळायचा, त्यावर 'वेंडर' असं छापलेलं. वर गेल्यावर ती काचेच्या खोलीत मला म्हणायची, "गुड मॉर्निंग मॅम, वॉटर?" आणि मी म्हणायची, "थँक यू, मॅडम." सकाळी ओला टॉवेल गादीवर टाकून आलेल्या मुलीला मॅडम म्हणणं सोपं नसतं. तरी मी निभावलं. एकदाच घोटाळा झाला. ती उभी राहून पडद्यावर काही दाखवत होती आणि तिच्या कुर्त्याच्या खांद्यावर दोरा लोंबत होता. माझा हात आपोआप गेला आणि मी तो उपटला. खोलीतले सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "क्वालिटी चेक." खरेदी विभागातल्या गृहस्थांना खोकल्याची उबळ आली आणि ते बाहेर गेले.

पुस्तकाचं पहिलंच पान होतं, 'आम्ही एक कुटुंब आहोत'. पान उघडलं की मोठं घर उभं राहणार, खिडक्यांची झाकणं उचलली की आत एकेक विभाग. हे पान माझी लेक इतक्या कळवळ्यानं समजावून सांगायची की समोर परकी म्हणून बसलेली मीसुद्धा मान डोलवायची. सगळी कंपनी हिचं कुटुंब, आणि मी वेंडर. घरी जाऊन मी नवऱ्याला हे सांगितलं, तर तो पोट धरधरून हसला. मलाही हसू आलं, पण जरा उशिरा.

पुढचं पान कॅन्टीनचं. तिथं बोट घासलं की बिर्याणीचा वास आला पाहिजे, असा कुणाचा तरी हट्ट. तसली शाई मिळते. मी नमुना करून सुकायला ठेवला, आणि खालांनी त्यावर चुकून दुसऱ्या एका कामाचा गठ्ठा ठेवला. ते गिऱ्हाईक कांदालसूणसुद्धा न खाणारं होतं. त्यांच्या आजेसासूबाईंनी पत्रिका देवापुढं ठेवली आणि घरात कोण काय शिजवतंय म्हणून दिवसभर चौकशी केली. त्या पत्रिका मी निमूटपणे नव्यानं करून दिल्या आणि कॅन्टीनच्या पानावर साधं झाकण लावलं, उचललं की आत बशी. वासाचा नाद सोडा म्हणून कंपनीला कळवलं. आमच्या गल्लीतल्या मांजरींना मात्र तो सोडायला वेळ लागला.

खरा घोळ झाला तो 'आपल्याकडे सगळे समान' या पानावर. या पानावर मोठे साहेब आणि त्यांच्या हाताखालचे सगळे साहेब एका ओळीत, एका उंचीचे, उठून उभे राहणार होते. सुंदर कल्पना. मी नमुना दाखवला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग संध्याकाळी पहिल्या साहेबाचा फोन आला. त्यांचं म्हणणं, समानता ठीकच आहे, पण ते प्रत्यक्षात उंच आहेत, तर कागदावर बुटके दिसतात. दुसऱ्यांचा फोन आला की त्यांचा विभाग सगळ्यात मोठा आहे, तर थोडंसं, अगदी कागदाच्या जाडीएवढं, वर घेता आलं तर. तिसऱ्या बाई होत्या. त्या म्हणाल्या, मला उंची नकोच, मला फक्त मधे उभं करा. शेवटी प्रत्येकाचा फोन येऊन गेला, आणि प्रत्येकाचं शेवटचं वाक्य एकच होतं, हे आपल्यातच राहू द्या.

हे ऐकून माझ्या जिवात जीव आला. तोवर मी त्या काचेच्या इमारतीत जरा बावरलेली होते. आता कळलं की हे तर वरपक्षाचे लोक. पत्रिकेच्या धंद्यात माझी हयात मानपान सांभाळण्यात गेली आहे. थोरल्या काकांचं नाव धाकट्या मामांच्या खाली आलं म्हणून लग्नाला न गेलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यावर माझ्याकडे एक रामबाण आहे. मी प्रत्येकाला एकटं गाठून सांगते, तुमचं नाव एक केसभर मोठं घेतलंय, डोळ्याला दिसणार नाही, पण आहे. माणसाला तेवढं पुरतं. मग तो पत्रिका हातात घेऊन स्वतःचं नाव बघतो आणि इतरांकडे जरा दयेनं बघतो.

मी सगळ्या साहेबांना तसंच सांगितलं. पान होतं तसंच ठेवलं. पुढच्या मीटिंगला सगळे अतिशय प्रेमानं वागत होते. घरी लेक म्हणाली, "आई, हे लोक एकदम एवढे शांत कसे झाले?"

"ऑफिसातलं घरी बोलायचं नाही," मी म्हटलं. "मी तुम्हाला ओळखत नाही."

राहिलं शेवटचं पान. ते मोठ्या साहेबांच्या आवडीचं, आणि सगळ्या पुस्तकात सोपं. डावीकडे मोठे साहेब, उजवीकडे नवीन नोकरीवर आलेला माणूस. पट्टी ओढली की साहेबांनी कमरेतून किंचित पुढे होऊन त्याच्याशी हात मिळवायचा. यासाठी मला नवीन काही शोधावं लागणार नव्हतं. नवरानवरी पाया पडतात तेच हे. फरक एवढाच की नवरदेवाच्या जागी साहेब आणि वडीलधाऱ्यांच्या जागी नवा माणूस. पट्टीच्या मागे पुठ्ठ्याचा एक बारका तुकडा चिकटवलेला असतो, त्याला आम्ही रोक म्हणतो. रोक जिथं अडतो तिथं पट्टी थांबते आणि माणूस तेवढाच वाकतो. लग्नात रोक लांब लावायचा, म्हणजे नवरदेव थेट पायांपर्यंत पोचतो. इथं जवळ लावायचा, म्हणजे साहेब हातापाशी थांबतात. मी नमुना केला, साहेबांनी अदबशीर हात मिळवला, सगळ्यांना आवडला.

खालांनाही मी शेजारी बसवून दाखवलं. "खाला, रोक इधर. साहेब को पूरा नै झुकाना."

"हौ बाजी," खाला म्हणाल्या. "दूल्हा थोडा अकडू है."

चिकटकामाला खालांनी गल्लीतल्या आणखी बायका आणल्या आणि घरभर कंपनीची संस्कृती पसरली. जिन्यावर घरं सुकत होती, देवघराच्या शेजारी समानता. नवरा सोफ्यावरचे साहेब उचलून बाजूला ठेवायचा आणि मग बसायचा. मी समानतेच्या पानाजवळून हलत नव्हते. कारण तिथं कुणी खरंच केसभर उंच निघाला असता तर माझी धडगत नव्हती. प्रत्येक प्रत उघडून मी ते पान पट्टीनं मोजत होते. बिर्याणीचं झाकण तपासलं, घराच्या खिडक्या तपासल्या. हात मिळवण्याचं पान मी पाहिलं नाही. जन्मभर करत आलेलं काम कोण तपासतं?

आणि इथंच ते झालं. खाला चिकटवायला बसल्या की त्यांचे हात त्यांना विचारत नाहीत. त्या सुनांची गाऱ्हाणी सांगत असतात, चहा पीत असतात, आणि हात आपले चाललेले असतात. त्या हातांना आयुष्यात एकच रोक माहीत, लग्नाचा. पहिल्या काही प्रती सांगितल्याप्रमाणे झाल्या असतील. मग धाकट्या सुनेचा विषय निघाला असणार.

पुस्तकाच्या समारंभाला कंपनीनं मोठा हॉल घेतला होता. प्रत्येक खुर्चीवर एकेक पुस्तक, त्याला कागदाचा पट्टा बांधलेला. लेक सूत्रसंचालन करणार होती. ती माझी गडवाल साडी नेसली होती, मला न विचारता, आणि निऱ्या अशा की माझे हात शिवशिवत होते. पण मी वेंडर. मी शेवटच्या रांगेत जाऊन बसले, एसीच्या थेट खाली. तिथून पुढची साहेब लोकांची रांग दिसत होती. त्या रांगेत बरोबर मधे एक खुर्ची रिकामी होती, तिच्यावर 'राखीव' असा कागद लावलेला. कोण रुसलंय ते बघायला मी साहेबांची मुंडकी मोजायला लागले, पण मागून सगळी सारखीच दिसत होती. गाडी पाठवली नाही म्हणून विहीण रुसून बसते, तसं इथंही कुणाचं तरी झालं असणार, अशी माझी खात्री. माझ्या केसभराच्या थापेचं बिंग फुटलं की काय, या विचारानं मला एसीतही घाम फुटला.

भाषणं झाली. मग मोठे साहेब व्यासपीठावर आले, त्यांनी पुस्तकाचा पट्टा सोडला आणि आपलं आवडतं पान उघडलं. मागच्या पडद्यावर ते भलंमोठं दिसत होतं. लेक माइकवर म्हणाली की आता आमचे सर नव्या सहकाऱ्याचं स्वागत करतील. साहेबांनी पट्टी ओढली.

पडद्यावरचे साहेब वाकले. हातापाशी आले आणि थांबले नाहीत. आणखी वाकले. कमरेत पार दुमडून त्यांनी नव्या माणसाच्या बुटांवर डोकं टेकवलं आणि तिथंच राहिले.

 खऱ्या साहेबांनी पट्टी आत ढकलली, कागदाचे साहेब उठून उभे राहिले. बहुतेक त्यांना वाटलं, आपलंच काही चुकलं. त्यांनी पुन्हा ओढली. साहेब पुन्हा पायांवर. मग पाठीमागून कुणीतरी आपलं पुस्तक उघडलं, शेजाऱ्यानं उघडलं, आणि बघता बघता सगळ्या हॉलमध्ये पट्ट्या ओढल्याचा खरखर आवाज सुरू झाला. जिकडे बघावं तिकडे मोठे साहेब नोकरीवर नव्या आलेल्या माणसाच्या पाया पडत होते. कुणीतरी फिसकन हसलं आणि मग सगळ्यांचाच बांध फुटला.

मी फक्त माझ्या लेकीकडे बघत होते. तिचा चेहरा पांढरा पडला होता. हातातलं पुस्तक तिनं एकदा ओढून पाहिलं, पान उलटं केलं, पाठीमागची फट बोटानं चाचपली. लहानपणी माझ्या टेबलाखाली बसून ती रोकांचे तुकडे वाटून द्यायची. त्या सबंध हॉलमध्ये कुणालाही कळलेलं नव्हतं की नक्की काय बिघडलंय. तिला कळलं. आणि तोंडासमोरचा माइक चालू आहे हे विसरून ती मराठीत म्हणाली, "आई, रोक लग्नाच्या जागी लागलाय."

ते सगळ्या हॉलभर घुमलं. हसणं थांबलं.

मोठे साहेब तिच्याकडे वळले. "आई बोले तो अम्मा ना? किसकी अम्मा?"

 समोरचा माइक तिनं दोन्ही हातांनी धरला होता आणि अंगठ्यानं त्याच्या बटणाशी चाळा चालू होता. तिसरीतल्या वर्गात ती कशी उभी राहिली असेल ते मला त्या क्षणी दिसलं, आणि माझ्यानं बसवेना. हिला उत्तर द्यायला लागू नये, एवढंच मला वाटलं. मी उभी राहिले आणि मागूनच ओरडून म्हणाले, "साब, मैं वेंडर. मेरी गलती है. पूरे वापस लेजाके दुरुस्त करके देतूं."

सगळ्या माना मागे वळल्या. मला वाटलं, झालं, निभावलं.

तेवढ्यात माइकवरून आवाज आला. "हाँ सर, वेंडर हैं," ती म्हणाली.  "और मेरी मम्मी हैं. मेरी मम्मी कागज को खड़ा करते, सर. मैं छोटी थी तब से."

मला समोरचं नीट दिसेनासं झालं. डोळ्यांत पाणी आलं होतं, त्याचं खापर मी एसीवर फोडलं. पाणी पुसून बघते तो मोठे साहेब व्यासपीठावरून उतरून मधल्या वाटेनं माझ्याकडेच येत होते. आता इथं सगळ्यांसमोर बोलणी खायची, म्हणून मी पदर सावरून तयार झाले. ते आले, म्हणाले, "नमस्कारम् अम्मा," आणि वाकले.

मी उभ्या आयुष्यात पाया पडणारी माणसं पुष्कळ पाहिली आहेत. तो माझा धंदाच आहे. हल्लीची माणसं गुडघ्यापर्यंत येतात, हवेत हात हलवतात आणि परततात. हे तसे नव्हते. हे कमरेत पार दुमडून थेट माझ्या चपलांपर्यंत गेले, पडद्यावर जसे गेले होते अगदी तसे. त्यांचाही रोक त्यांच्या आईनं लग्नाच्याच जागी लावलेला असावा. मी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला आणि गडबडीत, लग्नात म्हणतात तेच म्हणाले, "नांदा सौख्यभरे."

पुढं जे झालं त्याला मात्र माझा इलाज नव्हता. मोठे साहेब वाकले म्हटल्यावर पुढच्या रांगेतल्या साहेबांना बसून राहणं शक्य नव्हतं. ते उठले, रांगेनं आले आणि एकेक वाकू लागले. उंचीसाठी फोन करणारे पहिले साहेब मोठ्या साहेबांच्याही खाली गेले. दुसऱ्यांनी ते पाहिलं आणि गुडघे टेकले. मधे उभं राहू इच्छिणाऱ्या बाईंनी दोन्ही पाय धरले आणि सोडेनात. शेवटच्या साहेबांची कंबर तिथंच धरली, त्यांना दोघांनी मिळून उभं केलं. प्रत्येकाच्या कानात मी हळूच सांगितलं की तुम्ही सगळ्यांत जास्त वाकलात. प्रत्येक जण खुशीत परत गेला.

पुस्तकं परत न्यायची नाहीत, रोक आहे तिथंच राहू दे, असं मोठ्या साहेबांनी जाहीर केलं. बाकीचे साहेब हो हो म्हणाले. त्यांना तेव्हा हो म्हणण्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

उरलेल्या प्रतींचं खोकं घेऊन आम्ही दोघी कॅबनं घरी निघालो. एकाच इमारतीतून एकाच दारानं बाहेर पडलो, तेही पहिल्यांदाच. मी खालांना फोन लावून झाला प्रकार सांगितला. माझ्या आवाजात थोडा राग असेल, कारण त्या पलीकडून शांतपणे म्हणाल्या, "दूल्हा है ना बाजी, झुकने दो. नै झुका तो शादी कैसी चलती?"  मी फोन ठेवला.

लेक खिडकीबाहेर बघत होती. मासाब टँक गेलं, लकडी का पूल आलं, तरी तिनं मान वळवली नाही. रागावली असेल, असं मला वाटलं. उद्या टीममध्ये तिला काय काय ऐकून घ्यावं लागेल, याचा विचार माझ्याही डोक्यात होताच. मी म्हटलं, "मी उठायला नको होतं का? तुला लाज आणायची नव्हती गं मला."

"तू मागे का बसलीस पण?" ती एकदम म्हणाली.

"मग कुठं बसू? वेंडर मागेच बसतात."

"पुढं खुर्ची ठेवली होती ना मी. मधली." खोक्याच्या चिकटपट्टीशी तिचा चाळा चालू होता. "सकाळी सगळ्यांच्या आधी जाऊन ठेवली. नाव लिहायला बसले तर काय लिहू कळेना. वेंडर लिहू की आई लिहू. तिकडून सगळे बोलवायला लागले, म्हणून मग नुसतं राखीव लिहिलं. मला वाटलं, तुला कळेल."

 तिची निरी सीटखाली चुरगळली होती, ती मी ओढून सरळ केली. तिनं ती करू दिली.